तुमच्या जिभेवर घेतलेली गाडी

प्रिय आत्या,

आज गाडीचं पासिंग झालं. हे सकाळी सातलाच गाडी धुऊन, नंबरप्लेटवर नवा रंग मारून गेले होते आणि दीड वाजता शिक्का मारलेला कागद घेऊन आले. कागद माझ्या हातात दिला, जेवले आणि ओट्यावर चटई टाकून आडवे झाले. आत्ता घोरतायत. भर दुपारी गाडी दारात उभी आहे आणि तुमचा जनू बिनघोर झोपलाय, असं मी किती तरी दिवसांनी बघतेय. म्हणून म्हटलं, आज तुम्हाला लिहावंच.

तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. कुठल्याही कागदावर अंगठा लावायच्या आधी तुम्ही तो माझ्याकडून वाचून घ्यायचात, आणि एखादी ओळ मी गाळली तर तुम्हाला ते बरोबर कळायचं. म्हणून मी हे लिहिता लिहिता तोंडाने पुटपुटतेय. शेजारणीने पाहिलं तर म्हणेल, अंजूरच्या हवेत टेमघरच्या पोरीचं डोकं फिरलं.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. ही गाडी दारात आली त्याला एक वर्ष झालं. आधीच्या लाल गाडीने वर्षसुद्धा काढलं नव्हतं, अकराव्या महिन्यातच तिची पाठ मोडली. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की या गाडीचं एक वर्ष सुखरूप जाऊ दे, मगच आत्यांपुढे तोंड उघडायचं. आज वर्ष झालं. आता सगळं सांगते. जे तुम्ही असताना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, तेही सांगते.

तुम्ही कशाला काय चाखाल याचा नेम नसायचा! मी लग्न होऊन आले तेव्हा बारावी झालेली, नळाचं पाणी प्यायलेली मुलगी. सासू पहिल्या दिवशी आमटी चाखून नाक मुरडणार, एवढी मनाची तयारी केली होती. तुम्ही आमटीकडे बघितलंही नाहीत. मी विहिरीवरून आणलेल्या हंड्यात ओंजळ बुडवलीत, घोटभर पाणी तोंडात फिरवलंत आणि अख्खा हंडा अंगणात ओतलात.

"भरतीचा पानी शिरलाय यान. खालच्या हिरीवरचा न्हाय आनायचा."

मला ते पाणी गोडच लागलं होतं. दोन वर्षांनी मलाही फरक कळायला लागला.

तुमचं बालपण मिठागरात गेलेलं, तेव्हापासूनची ही जीभ. पायांच्या भेगा म्हातारपणापर्यंत भरल्या नाहीत, पण त्या मिठाने एक गोष्ट तुम्हाला पक्की शिकवली होती. मीठ डोळ्यांना दिसत नाही तिथेही असतं. "डोलं फसतान, जीभ न्हाय फसत," असं तुम्ही म्हणायचात. थोरल्या भाऊजींनी घर बांधायला काढलं तेव्हा रेतीचे दोन ट्रक आले होते. तुम्ही चिमूटभर रेती तोंडात टाकलीत, थुंकलीत आणि ट्रकवाल्याला म्हणालात, ही खाडीची आहे, माझ्या लेकाच्या भिंती सोलून काढशील तू. तो तावातावाने भांडला, पण दोन्ही ट्रक परत गेले. शेजारच्यांनी तीच रेती घेतली. त्यांच्या प्लास्टरचे पोपडे आजही पडतायत, तुम्ही बघून गेलातच.

म्हणजे तुमची जीभ काय चीज आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रेतीच्या बाबतीत माहीत होतं, पाण्याच्या बाबतीत माहीत होतं. पण गाडीच्या बाबतीत? गाडीतलं बाईमाणसाला काय कळतं, आणि त्यातून म्हाताऱ्या बाईला! ही चूक आमच्यासारखे हुशार लोकच करू जाणोत.

लाल गाडी आली तो दिवस मला तासातासाने आठवतो. खाडीकडचं शेत गोडाऊनला गेलं होतं आणि यांच्या वाट्याला जे आलं त्यातून यांना स्वतःची पिकअप घ्यायची होती. सात वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्युटी केली होती, नारपोलीतल्या लूमवरून कापडाचे तागे भरायचे आणि रंगाच्या कारखान्यात नेऊन टाकायचे. आता गाडी आपली हवी होती, चांगली दणकट, डबल पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या दुहेरी असलेली. नवी झेपणार नव्हती, म्हणून जुनी. एजंट ती दाखवायला थेट आपल्या दारातच घेऊन आला.

आणि काय ती पारख! चार पुरुष गाडीभोवती फिरले. एकाने टायरला लाथ मारली. एकाने हॉर्न वाजवून पाहिला. थोरल्या भाऊजींनी आत बसून टेप लावला आणि गाणं संपेपर्यंत बाहेरच आले नाहीत. यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, तेवढं यांना कळत होतं, आणि इंजिन खरंच चांगलं होतं. खाली वाकून कोणी बघितलं नाही. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला होता, त्यामुळे बघितलं असतं तरी डोळ्यांना काही दिसलं नसतं. मग सगळे चहाला आत आले.

मी चहाचे कप भरत होते. तुम्ही मागच्या दाराने हाक मारलीत, "सुरेखा, हिकरं ये जरा." मी पदराला हात पुसत घराला वळसा घालून पुढे अंगणात आले. तुम्ही गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसला होतात. चेसिसच्या, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर अख्खी गाडी उभी असते त्याच्या पट्टीला मध्ये मध्ये भोकं असतात. त्यातल्या एका भोकात तुम्ही बोट घातलं होतंत. ते बोट लाल झालं होतं. ते तुम्ही माझ्यासमोर जिभेला लावलंत.

"याच्या पोटान मीठ हाय. ही गाडी मिठाची, न्हायतर मासलीची व्हती. आतून खाल्लीय तिला. जनूला सांग. तुजा ऐकल तो."

मी मान हलवली. आत गेले. यांना चहाचा कप दिला. आणि काही बोलले नाही.

का नाही बोलले? हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. चार पुरुष बसले होते, त्यांच्यासमोर कसं बोलायचं, असं मी बरेच दिवस मनाला सांगत राहिले. ते खोटं आहे, आत्या. यांना आत बोलावून कानात सांगता आलं असतं. खरं कारण लाजिरवाणं आहे. मला ती गाडी आवडली होती. तो लाल रंग, आतला टेप, आरशाला लटकणारे गोंडे. टेमघरला, माहेरी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा रिक्षाने यायचा आणि आम्ही या गाडीतून उतरणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. तुमचं बोट मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दोन दिवसांनी गाडी दारात आली. मी औक्षण केलं, हळदीचे हात उमटवले, चाकाखाली लिंबू ठेवलं. अक्षतांचं ताट तुमच्या हातात होतं. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत, मग अक्षता टाकल्यात. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अकराव्या महिन्यात, दुपारी, अंजूरफाट्याच्या अलीकडे, तागे खच्चून भरलेले असताना चेसिस केबिनच्या मागे तुटलं. गाडी कमरेत वाकली, रस्ता सोडून खाली उतरली आणि आडवी झाली. यांचं खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला सात टाके पडले. बाजूला कोणी बसलेलं नव्हतं आणि पुढे कोणी नव्हतं, हे आपलं नशीब. ज्या गॅरेजवाल्याने ती ओढून नेली तो म्हणाला की चेसिस आतून पापडासारखं झालं होतं, बोटाने तुकडे पडत होते.

दोन महिने हे अंथरुणात होते. तुम्ही पेज भरवत होतात, टाके पुसत होतात, आणि "मी बोलले व्हते" हे तीन शब्द तुमच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मी रोज वाट बघायचे की आज म्हणतील, आज म्हणतील. भाकरी थापताना, भांडी घासताना, तुमच्या वेणीत फणी फिरवताना. एकदा मीच धीर करून "आत्या, त्या दिवशी मी..." म्हणून सुरुवात केली, तर तुम्ही म्हणालात, "भात उतू जातोय बघ." भात खरंच उतू जात होता. मी उठले, ते राहूनच गेलं.

असं का केलंत? तुम्हाला वाटलं असेल, पोर आधीच पोळलीय, तिला आणखी कशाला डागा. पण मला डागून घ्यायचं होतं हो. एकदा खडसावलं असतंत तर मी रडले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. तुमच्या त्या गप्प राहण्यापायी मी वर्षभर तुमच्या डोळ्यांत नीट बघू शकले नाही. आणि मग तुमच्या छातीत पाणी झालं आणि चार दिवसांत तुम्ही निघूनच गेलात. एवढी कसली घाई होती?

तुम्ही गेल्यावर हे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागले. खांदा दुखायचा, बोलायचे नाहीत. मग नारपोलीच्या शेठचा निरोप आला. माल वाढलाय, दिवाळीपर्यंत स्वतःची गाडी आणलीस तर तागे उचलायचं काम कायमचं तुझं, नाहीतर दुसरा बघतो. यापेक्षा चांगलं काम आपल्याला मिळणार नव्हतं. आणि हे रोज गाड्या बघायला जायचे, रोज रिकाम्या हाताने परत यायचे. एकीचं इंजिन चांगलं, पण मन घेत नाही. दुसरीचे कागद चोख, पण मन घेत नाही. तिसरी तर बघितलीच नाही, फाटकातूनच फिरले. ज्या माणसाला दुरून आवाज ऐकून गाडीत काय बिघाड आहे ते कळायचं, त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. गणपती गेले, नवरात्र आलं. एका रात्री जेवताना मी म्हणाले, "उद्या मी येते तुमच्याबरोबर." यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणाले नाहीत.

नारपोलीचे मुश्ताकभाई मेकॅनिक आमच्याबरोबर आले. तुम्ही त्यांना ओळखायचात, ईदला शेवया पाठवायचे ते. त्यांनी वाटेतच मला शिकवणी लावली. सकाळी लवकर जायचं, इंजिन थंड असताना. आपण पोचायच्या आधीच मालकाने सुरू करून ठेवली असेल तर समजायचं, काहीतरी लपवतोय. इंजिन ऑइलचं झाकण काढायचं, आत दुधासारखा फेस दिसला तर हात जोडून निघायचं. पुढच्या टायरची एकच बाजू घासली असेल तर सांगाडा वाकडा आहे. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि ठसा गाडीच्या आरसी पुस्तकातल्या नंबराशी जुळवायचा. "भाभी, रंग सबसे आख़िर में देखना," असं म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिली गाडी पांढरी होती, एका गाडीबाजारात. आत्या, काय सांगू, बघतच राहावी अशी. इंजिन थंड होतं. ऑइल स्वच्छ. टायर सारखे घासलेले, नंबर जुळला, पाटे शाबूत. मुश्ताकभाईंनी मान डोलावली. यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा रंग आला. एजंट म्हणाला, आणखी दोघे येतायत बघायला, आजच सांगा. मी खाली वाकून बघितलं. खालून नवाकोरा काळा रंग.

मी साडीचा काष्टा मारला आणि सरळ मागच्या चाकापाशी बसले. एजंट म्हणाला, अहो वहिनी, कपडे खराब होतील. मी भोकात बोट घातलं, आतून फिरवलं आणि जिभेला लावलं.

मीठ होतं. पहिल्या सेकंदाला लोखंडाची चव येते आणि मग मागून मीठ येतं, जिभेच्या कडांना. तुम्ही म्हणायचात तसंच.

मी उठून उभी राहिले. "मीठ आहे," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत होते. तोंडावरचा सगळा रंग उतरलेला. यांनी विचारलं, "ह्या तुला कोनी शिकवला?"

आता खोटं बोलता आलं असतं. ऐकलं होतं कुठेतरी, असं म्हणता आलं असतं. पण बोटाला ती लाल धूळ, तोंडात ती चव, मला नाही जमलं. "आत्यांनी," मी म्हणाले. "लाल गाडीच्या वेळी. त्यांनी मला मागे बोलावून चाखून दाखवलं होतं. तुम्हाला सांग म्हणाल्या होत्या. मी नाही सांगितलं. मला ती गाडी हवी होती."

मला वाटलं, आता हे निघून जातील. मला तिथेच सोडून जातील, आणि गेले असते तरी माझी तक्रार नव्हती. हे बाजूला पडलेल्या एका जुन्या टायरवर बसले.

"मना पन आयेनं सांगितला व्हता," हे म्हणाले. "त्याच दिशी. हात धुवाला गेलू तवा. मी काय बोललू म्हाईत हाय? आये, गाडी हाय ती, लोनचा न्हाय."

आत्या! म्हणजे तुम्ही दोघांनाही सांगितलं होतंत. आणि दोघांचंही पोटात ठेवलंत. जवळजवळ दोन वर्षं मी यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. यांना वाटायचं, आईने सांगूनही ऐकलं नाही हे सुरेखाला कळलं तर ती तोंड बघणार नाही माझं. मला वाटायचं, यांचा खांदा माझ्यामुळे मोडला. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात, दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होतो. आणि मध्ये तुम्ही, दोघांचं माहीत असलेल्या, पेज भरवत बसलेल्या.

यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रडतही होते, पण हसतही होते. मग मलाही हसू फुटलं. गाडीबाजारात, सगळ्यांसमोर, काष्टा मारलेली बाई आणि टायरवर बसलेला बाप्या, दोघं डोळे पुसत हसत होतो. एजंट गोंधळून मुश्ताकभाईंना विचारत होता, गाडी पसंत आहे की नाही? मुश्ताकभाई म्हणाले, "भाभी ने चख ली. नमक ज़्यादा है."

ही गोष्ट नंतर अख्ख्या नारपोलीत झाली. आता मी कुठल्याही लूमवर गेले की कारागीर पोरं म्हणतात, भाभी, चाय में चीनी देखो. म्हणोत बापडे.

त्यानंतर गाडी शोधणं सोपं झालं, म्हणजे गाड्या त्याच होत्या, आमचं ओझं उतरलं होतं. आठ दिवसांनी वाड्याच्या रस्त्याला एका गवताच्या वखारीत एक पिकअप विकायची आहे असं कळलं. गेलो. रंग शेवाळी, तोही उडालेला. एका दाराला पोचा. हॉर्न वाजत नव्हता. लाल गाडी आणणाऱ्या सुरेखाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

गाडीवर भिवा नावाचा वारली ड्रायव्हर होता, पहिल्या दिवसापासून तोच. मालक तिची स्तुती करत होता आणि भिवा मागे उभा राहून एकेक खोट सांगत होता. "थंडीन लवकर उठत नाय ती. पयलं तिला जरा घुरघुरू द्यायचं. उजवं दार दोनदा आपटायला लागतं. चढावाला घाई केली का तापते." मालक डोळे वटारत होता, याचं आपलं चालूच. यांनी मला हळूच सांगितलं की जो गाडीचे अवगुण सांगतो त्याने गाडी नीट वापरलेली असते. मुश्ताकभाईंनी आणखी एक सांगितलं. गवत दिसायला डोंगराएवढं दिसतं, पण वजनाला काही नाही, त्यामुळे या गाडीचे पाटे आणि पाठ कधी थकलेच नाहीत.

मी बसले, बोट घातलं. जिभेला लावलं. धूळ, थोडं ग्रीस आणि वाळल्या गवताची कडसर चव. पुन्हा लावलं, पुढच्या भोकातलं. नाही. मीठ नव्हतं.

"न्हाय?" यांनी विचारलं.

"नाही."

यांना तेवढ्याने समाधान नाही. हे स्वतः पाठीवर झोपून गाडीखाली सरकले आणि चार ठिकाणी चाखून आले. बाहेर आले तेव्हा जीभ काळी झालेली, दाढीला जाळी लागलेली. भिवा म्हणाला, "पाहुणे, भूक लागली आसल तं भाकरी हाय."

दिवाळीच्या आधी चार दिवस गाडी दारात आली. शेठचं काम यांना मिळालं. या वर्षात तिने दोनदा क्लच मागितला आणि एकदा बॅटरी, बाकी काही नाही. थंडीत सकाळी खरंच लवकर उठत नाही. हे तिला घुरघुरू देतात आणि तोवर चहा पितात. परवा पासिंगच्या आधी मुश्ताकभाई अर्धा दिवस तिच्याखाली होते, हातोडीने चेसिस या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून बघितलं. कुठेही बद्द आवाज नाही.

पूर्वी दुपारी फोन वाजला की उचलायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायचे. आता फोन वाजतो आणि मी उचलते, एवढंच. हे किती मोठं सुख आहे ते तुम्हाला सांगायला नको. लाल गाडी होती तोवर तुम्हीही दाराकडे बघत बसायचात.

आणखी एक सांगायचंय. गेल्या आठवड्यात थोरल्या भाऊजींनी गोडाऊनच्या कामाला म्हणून एक जुनी गाडी दाखवायला आणवली. तेच अंगण, तसाच एजंट, चार पुरुष, आत चहा. मी कप भरत होते. टेपवर गाणं लागलं. मी ट्रे खाली ठेवला, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर चाकापाशी बसले. मीठ होतं, आत्या, पहिल्याच भोकात. मी उठून मोठ्याने म्हणाले, "ही गाडी नका घेऊ, आतून सडलीय." एजंट भडकला. म्हणाला, बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? मी म्हणाले, "मला नाही कळत. माझ्या सासूला कळायचं." भाऊजी उठले, टेप बंद केला आणि किल्ली एजंटच्या हातात दिली.

हे आत्ता उठले. मी काय लिहितेय ते वाकून बघतायत. "कोनाला लिवतेस?"

"आत्यांना."

यांनी चटई गुंडाळून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तिला लिव, जनूनं ऐकला म्हनून."

लिहिलं.

माझ्याकडून एवढं कबूल करते. यापुढे मला जे खटकेल ते मी कोणाला मागच्या दारी बोलावून सांगणार नाही, पुढच्या अंगणात सांगेन, चारचौघांत, आणि तुमचं नाव घेऊन सांगेन. आणि उद्या माझ्या घरात कोणी म्हातारी हळू आवाजात मला काही सांगायला आली, तर हातातला कप खाली ठेवून आधी तिचं ऐकेन.

तुमची सून,
सुरेखा